पुण्याला 'पुणे' का म्हणतात?

गेल्या शनिवारी आजोळी गेलो होतो. आजोळ म्हणजे मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, पौडच्याही पुढे. हिंजवडीतून निघालं की माण, घोटावडे फाटा, मग पौड आणि पुढे पाण्याच्या कडेकडेने. (आमचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं हे तिथे दहा वर्षं नोकरी करणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं. हिंजवडी, हिंजेवाडी, हिंजवाडी यांतलं बरोबर काय हेही पाट्यांना अजून ठरवता आलेलं नाही. असो.) बरोबर टीममधला एक मित्र होता, मूळचा कानपूरचा. पुण्यात येऊन त्याला दोनच वर्षं झालीयेत, त्यामुळे त्याला अजून प्रश्न पडतात. घोटावडे फाट्यावर वडापाव खाता खाता त्याने विचारलं, "पुणे म्हणजे काय रे? मीनिंग काय आहे?"

मी जन्मजात पुणेकर नसलो तरी शिक्षण पुण्यातलं. त्यामुळे माहीत नसलेल्या गोष्टीचं ठाम उत्तर देण्याची विद्या मला येते. म्हटलं, "पुण्य! पवित्र गाव. मुळा-मुठेचा संगम आहे ना, म्हणून." तो खूश झाला. मीही खूश झालो. पण गाडी चालवताना मनात एक किडा वळवळायला लागला, कारण मला एकदम ठाणे आठवलं. ते का, ते पुढे सांगतो.

आधी आजोबांची गोष्ट. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. ओसरीवर बसून चहा पिताना मित्राने त्यांनाही प्रश्न टाकला, की या भागाला मावळ का म्हणतात? आजोबांनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "त्यो बघ, सूर्य तकडं मावाळतो. म्हनून मावळ." घाटावरून पाहिलं तर सूर्य खरंच याच डोंगरांमागे जातो. इतकं सरळ, इतकं सुंदर उत्तर, की कुणालाही पटावं. मीही लहानपणापासून हेच ऐकत आलोय. शाळेत एकदा निबंधातही लिहिलंय.

गंमत अशी, की हे बहुधा बरोबर नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिलं, पुढे सातवाहनांनी ते दान पुन्हा चालू केलं, असा सगळा तपशील त्यांत आहे. याच लेखांमध्ये या भागाचं नाव येतं: मामल. 'आहार' म्हणजे तेव्हाचा प्रशासकीय विभाग, म्हणून मामलाहार. तिथल्या अमात्याला राजाने आज्ञा पाठवलीये, म्हणजे आजच्या भाषेत तहसीलदाराला ईमेल.

आता मामलचं मावळ कसं होतं? मराठी शब्द संस्कृत-प्राकृतातून येताना दोन स्वरांमधल्या म चा व होतो: ग्रामचं गाव, नामचं नाव. आणि ल चा ळ होतो: कालचा काळ, फलचं फळ. मामलला हेच दोन नियम लावा. मावळ! कुठेही ओढाताण नाही. सूर्य मावळण्याचा या नावाशी काही संबंध राहत नाही. लोकांनी आधी नाव ऐकलं, आणि अर्थ नंतर बसवला.

मला हे नियम ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितामुळे समजले. मराठी भाषा कशी घडली यावरचा त्याचा ग्रंथ १९२० साली फ्रेंचमध्ये आला आणि १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. भाषेचं आपल्याला वाटतं तसं काहीही कसंही होत नाही. उच्चार बदलतात ते बऱ्यापैकी नियमाने, जवळजवळ फाइंड-रिप्लेस केल्यासारखे. अपवाद असतात, पण अपवादालाही कारण द्यावं लागतं. इंजिनियरला हे फारच आवडणारं आहे हो. मला तर पहिल्यांदा वाचताना कुणीतरी मराठीचा सोर्स कोड हातात दिल्यासारखं वाटलं होतं.

आता पुणे. पुण्य या अर्थाच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, संगम. दुसरी, कसब्यातलं पुण्येश्वराचं जुनं देऊळ, ज्याच्यावरून गावाला नाव पडलं असं परंपरा सांगते. (त्या जागेवरून सध्या जे वाद चालू आहेत त्यांत मी शिरत नाही, तो या लेखाचा विषय नाही.) तिसरी गोष्ट मात्र वजनदार आहे: ताम्रपट.

संगमाचं लगेच संपवतो. जुनं गाव संगमावर नाहीच. ते कसब्यात, मुठेच्या उजव्या काठावर. संगम तिथून खाली चालत जाण्याइतका लांब. संगमामुळेच जागा पवित्र मानली असती तर गाव तिथे वसलं असतं, किमान जुनी देवळं तरी तिथे दाटली असती. देवळाचं म्हणाल तर कोंबडी आधी की अंडं आधी? पुण्येश्वरावरून पुणे, की पुण्याचा ईश्वर म्हणून पुण्येश्वर? गावाच्या नावावरून देवाला नाव पडल्याची उदाहरणं आपल्याकडे ढिगाने सापडतील.

मधल्यामध्ये माझी एक फजिती सांगतो. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमी नावाच्या ग्रीक भूगोलकाराने भारतातल्या गावांची मोठी यादी केलीये. तिच्यात 'पुन्नाट' असं एक नाव आहे, आणि तिथे बेरिल हे रत्न मिळतं असं तो म्हणतो. कॉलेजात असताना हे वाचून मी तीन दिवस हवेत होतो. पुणे दोन हजार वर्षं जुनं! होस्टेलवर सगळ्यांना सांगून झालं. मग कळलं की पुन्नाट नावाचं एक राज्यच होतं, दक्षिण कर्नाटकात, कबिनी नदीच्या खोऱ्यात, आणि त्याचे शिलालेखही आहेत. आपल्या मुठेच्या काठी बेरिल कुठलं आलंय! नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर उड्या मारल्या की असं होतं. तेव्हापासून मी जरा जपून असतो. (म्हणजे वडापाव खाताना सोडून.)

तर ताम्रपट. पुण्याचा पहिला लेखी पुरावा राष्ट्रकूटांच्या काळातला आहे. राजा पहिला कृष्ण, म्हणजे ज्याच्या नावावर वेरूळचं कैलास लेणं आहे तोच. त्याच्या इ.स. ७५८ च्या ताम्रपटात या भागाला 'पुण्य विषय' म्हटलंय. विषय म्हणजे जिल्हा. (पुणे तेव्हापासूनच 'विषय' आहे, त्याला इलाज नाही.) दान दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा सांगताना आजूबाजूची गावं येतात, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती सगळी आपल्या ओळखीची आहेत. बोपखेल, कळस, दापोडी, भोसरी. मुळा नदीचं नावही आहे, 'मुइला' अशा रूपात. मी रोज वाकडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकून ज्या काळ्या पाण्याकडे बघत बसतो, ती नदी साडेबाराशे वर्षांपूर्वी एका सरकारी कागदावर हद्द म्हणून नोंदवलेली आहे! कागद नाही, तांबं. पण मुद्दा तोच.

दुसरा ताम्रपट इ.स. ७६८ चा, तळेगावचा (ढमढेऱ्यांचं तळेगाव, दाभाड्यांचं नव्हे). तोही याच राजाचा. राजा तेव्हा गंगांवरच्या स्वारीत होता, आणि पट दिला गेला सध्याच्या बंगळूरच्या बाजूच्या मन्ने इथल्या तळावरून. म्हणजे पुण्याच्या जमिनीचा निकाल बंगळूरहून लागण्याची प्रथा आयटीच्याही आधीची आहे :) या पटात मात्र जिल्ह्याचं नाव आहे 'पूनक विषय'.

झालं! राजा एक, जिल्हा एक, मध्ये फक्त दहा वर्षं, आणि नावं दोन. सगळा वाद इथे आहे. पुण्यवाले म्हणतात, ७५८ आधी येतं, म्हणून मूळ नाव पुण्य आणि पूनक हा त्याचा बिघडलेला उच्चार. पूनकवाले म्हणतात, लोक पूनक म्हणत होते आणि एखाद्या संस्कृतज्ञ लेखनिकाने त्याला शुद्ध करून पुण्य लिहिलं.

तारखेचा मुद्दा मला फारसा पटत नाही. गाव या दोन्ही पटांच्या कितीतरी आधीपासून असणार. लॉग फाइलमध्ये एखादा एरर दहा मिलिसेकंद आधी दिसला म्हणून तोच मूळ बिघाड असतो असं नाही, हे आपल्यापैकी ज्याने कुणी रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्याला पक्कं माहीत असतं. आपल्याला फक्त ज्या नोंदी हाती लागल्या त्यांचा क्रम कळतो. नावांचा क्रम कळत नाही.

मग ठरवायचं कसं? मावळला लावला तोच उपाय इथे लावून बघू. प्रश्न असा: पुण्यचं नैसर्गिकपणे पुणे होतं का?

संस्कृतातला ण्य किंवा न्य किंवा र्ण प्राकृतात दुहेरी होतो, ण्ण. आणि या दुहेरी ण्णचा मराठीत न होतो, ण नाही. उदाहरणं बघा. कर्णचा कण्ण, मग कान. पर्णचं पान. चूर्णचा चुना. पूर्णिमेची पुनव. आता नेमकी ण्य-न्यची उदाहरणं: अरण्याचं रान. धान्याचं धान. शून्याचं सुनं (सुनं-सुनं वाटतं, त्यातलं). सगळीकडे न. या हिशेबाने पुण्यचं व्हायला हवं पुन, पुनं, फार तर पुने. पुणे नव्हे.

उलट, दोन स्वरांमध्ये एकटाच न असेल तर मराठीत त्याचा ण होतो. पानीयचं पाणी. भगिनीची बहीण. जनचा जण. आणि शब्दाच्या शेवटी 'क' असेल तर तो गळून पडून नपुंसकलिंगी एकारान्त रूप येतं. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे, हां, ठाणे! शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचं नाव आहे श्रीस्थानक. स्थानकचं ठाणे. न चा ण, 'क' गायब, शेवटी ए. आता त्याच साच्यात पूनक टाका. न चा ण, 'क' गायब, शेवटी ए. पुणे. मुंबईहून येणारी लोकल जिथे थांबते त्या गावाने पुण्याचा निकाल लावावा हे पुणेकरांना कितपत रुचेल माहीत नाही, पण मला तरी हे उदाहरण निर्णायक वाटतं.

बरं मग, पुण्य हा अर्थ इतका घट्ट का चिकटला? मला वाटतं याचं कारण आपल्या व्याकरणात आहे. पुणे हा शब्द नुसता क्वचितच येतो. आपण म्हणतो पुण्याला, पुण्यात, पुण्याचा, पुण्याहून. आणि पुण्य या शब्दाची रूपं काय? पुण्याला, पुण्यात, पुण्याचा. लिहायला तंतोतंत तीच! दिवसातून दहा वेळा आपण हे रूप वापरतो, मग डोक्यात पुण्य येणार नाही तर काय होईल? पण नीट कान देऊन ऐका. 'पुण्याचा साठा' मधला ण्य जोर देऊन, दुहेरी येतो. 'पुण्याचा पाऊस' मधला हलका असतो, 'ठाण्याचा' मधल्यासारखा. ठाण्याला जाणारा माणूस 'ठाण्य' नावाच्या कुठल्या पवित्र गोष्टीकडे जात नाही. इथला 'या' केवळ विभक्तीचा आहे. जीभ अजूनही दोन शब्द वेगळे ठेवते. घोटाळा डोळ्यांचा होतो.

आणि लेखनिकाने नाव शुद्ध केलं असेल या शंकेबद्दल म्हणाल, तर तो प्रकार आजही आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. कुठल्याही सभेत पाहुणे उठतात आणि सुरुवात करतात, "या पुण्यनगरीत..." कुणी त्यांना तसं शिकवलेलं नसतं. मोठ्या प्रसंगी मोठा शब्द हवा असतो, आणि ताम्रपट हा तर फारच मोठा प्रसंग.

एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाते, ती लपवत नाही. पुण्याचं जुनं नाव म्हणून 'पुनवडी' सांगतात, त्यात न आहे. पण आमच्या आजोबांकडे बघा. ते पानी म्हणतात, कोन म्हणतात आणि पुन्याला म्हणतात. गावाकडच्या बोलीत ण सगळाच न झालाय. तेव्हा पुनवडीतला न हा जुन्या पुण्ण मधला आहे की असा बोलीतला, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. पूनकचा अर्थ काय, हा प्रश्नही उरतोच. विद्वानांचं त्यावर एकमत नाही, आणि मला स्वतःला नावाला अर्थ असलाच पाहिजे हा हट्टही समजत नाही.

हट्टाचं म्हणालो कारण नावांवर हक्क सांगण्याचा खेळ पुण्याला नवा नाही. औरंगजेब १७०३ च्या सुमारास इथे तळ देऊन होता, तेव्हा त्याचा नातू मुहीउल्मिल्लत इथे वारला. त्याच्या नावाने पुण्याचं मुहियाबाद केलं गेलं. बादशहाचं फर्मान, दुसरं कुणाचं नाही! पण ते नाव एका पेठेपुरतं उरलं, आणि पेशवाईत त्या पेठेचीही बुधवार पेठ झाली. तसंच मुर्तजाबादची शनिवार झाली, मलकापूरची रविवार, शहापूरची सोमवार. मग इंग्रजांचं पूना आलं. इंग्लंडात बॅडमिंटनलाही काही काळ पूना म्हणत. ते जाऊन सरकारी कागदांवर अधिकृत पुणे यायला १९७८ साल उजाडलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ३१ वर्षं. त्यातही कॅम्पातल्या जुन्या पाट्यांवर 'पूना' आहेच.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. २०२२ च्या अखेरीस पुण्याचंही जिजाऊनगर करावं अशी मागणी झाली होती. जिजाऊंबद्दल कुणाचं दुमत असण्याचं कारणच नाही, उजाड झालेलं पुणं त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा वसलं. पण तेव्हा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये जो वाद झाला तो मला आठवतो. एक बाजू म्हणत होती, पुणे या नावाला मुळात काही अर्थच नाही, मग बदलायला काय हरकत आहे? दुसरी म्हणत होती, अर्थ आहे, पुण्य आहे, म्हणून बदलू नका. दोघांनीही अर्थ हीच कसोटी धरली होती, आणि मी त्या वेळी दुसऱ्या बाजूने तावातावाने बोललो होतो. आज बोलायचं झालं तर वेगळं बोलेन. जिजाऊ आणि शिवबा ज्या गावात राहिले त्याला ते पुणेच म्हणत. त्यांच्या वेळच्या कागदांत 'कसबे पुणे' आहे. शेतकरी, भिक्षू, सरदार, बाजारबुणगे, सगळ्यांच्या तोंडून साडेबाराशे वर्षं घासून घासून जो शब्द इथवर आला, तो पवित्र निघाला नाही म्हणून स्वस्त ठरत नाही.

हे सगळं आजोबांना सांगावं की नाही, या विचारात मी बराच वेळ होतो. मावळचं तरी. मित्राने हिंदीत परस्पर सांगून टाकलं, की हा म्हणतो तुमचा सूर्य चुकीचा आहे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा हसले. मग मी कार्ल्याचं, मामलचं सगळं नीट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी हे नाव त्या लेन्यायवढं जुनं हाय?"

"हो आजोबा. निदान तेवढं तरी."

"मग चांगलंच हाय की," ते म्हणाले.

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. समोर धरणाचं पाणी होतं. हे धरण होऊ नये म्हणून एप्रिल १९२१ मध्ये इथे सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्याने दिलं. लढा १९२४ पर्यंत चालला आणि धरण तरीही झालं. आजोबांच्या वडिलांची जमीन त्या पाण्याखाली आहे. वरच्या अंगाला जी वस्ती त्यांनी पुन्हा उभी केली तिला जुन्या गावाचंच नाव दिलं. "गाव ऱ्हायलं पान्यात," आजोबा म्हणाले, "नाव तेवढं घिऊन आले." त्या नावाचा अर्थ मी त्यांना कधी विचारलेला नाही. त्या दिवशीही विचारला नाही.

परतताना अंधार पडला होता. पिरंगुटला नेहमीसारखी गाड्यांची रांग. मी सहज मित्राला विचारलं, "कानपूरचं काय रे? नाव कशावरून?" तो एकदम सावरून बसला. त्यांच्याकडेही दोन पक्ष आहेत म्हणे, एक सांगतो कर्णाचं कर्णपूर, दुसरा सांगतो कन्हैयाचं कान्हपूर. आणि घरात वडील एका पक्षात, काका दुसऱ्या. मी मनातल्या मनात नियम लावून बघितला. कर्णचं कान होतं. कृष्णचं कण्ह, कान्ह आणि मग कानही होऊ शकतं. भूगावपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो.